‘साहेबांनी सांगितलं म्हणून’

प्रश्न : उद्यमबागेत पॉवर प्रेसवर काम करतो. दोन बटणं दोन्ही हातांनी दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे हात ठोक्याखाली राहत नाही. घाई असली की सुपरवायझर एक बटण तारेनं बांधायला सांगतात. धोका कळतो, तरी मी बांधतो. मी भित्रा आहे का? – एक कामगार, बेळगाव

उत्तर : नाही. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात साध्या नोकरदार माणसांना एका यंत्रापुढे बसवलं. ३० खटके, १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत. पलीकडचा माणूस उत्तर चुकला की त्याला शॉक देणारा पुढचा खटका दाबायचा, असा खोलीतल्या प्रयोग घेणाऱ्या साहेबांचा हुकूम. शॉक खोटे होते, दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ४० पैकी २६ जण शेवटपर्यंत गेले. घाम फुटलेला, हात थरथरतायत, तोंडानं ‘मला थांबायचंय’ आणि तरी पुढचा खटका! धोका कळला की हात आपोआप थांबतो, हा समज तिथं कोसळला.

एकदम ४५० व्होल्ट द्यायला कुणी सांगितलं नव्हतं. पायरी फक्त १५ ची होती. तुमच्याकडेही आधी ‘एवढी पन्नास नगं काढ’, मग अर्धी शिफ्ट, मग रोज. म्हणून नकार पहिल्याच दिवशी द्यायचा. उशीर झाला असेल तर पुढच्या शिफ्टच्या आधी, तार हातात येण्यापूर्वी.

आणि एकट्यानं नको. याच प्रयोगाच्या दुसऱ्या एका प्रकारात शेजारी बसवलेले दोघं ‘आम्ही करणार नाही’ म्हणून उठले, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. शेजारच्या प्रेसवाल्याशी आधी बोलून ठेवा. तुम्ही बोललात की त्यानं लगेच ‘मीपण नाही’ म्हणायचं. तो गप्प राहिला तर साहेबांना तुम्ही एकटेच दिसता.

वाक्य एकच : ‘साहेब, बटण बांधून चालवणार नाही. दोन्ही बटणांवर निघेल तेवढा माल देतो.’ नकार कामाला नाही, पद्धतीला आहे. ‘भीती वाटते’ म्हणू नका. त्यावर ‘मी आहे ना, काही होत नाही’ हे उत्तर तयार असतं, आणि तिथंच माणूस विरघळतो. तेच वाक्य पुन्हा म्हणा. तरी आग्रह झाला तर शिफ्टच्या रजिस्टरात तसं लिहून सही मागा. तोंडी हुकूम देणारे बरेच जण सहीपाशी अडतात.

प्रश्न : सासरे निवृत्त शिक्षक. पोलीस असल्याचं भासवणाऱ्या ठगांनी ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून त्यांना चार तास व्हिडिओ कॉलसमोर बसवलं, फोन देव्हाऱ्याला टेकवून. शिकलेला माणूस कसा फसतो? – एक गृहिणी, निपाणी

उत्तर : वर सांगितलेल्या मिलग्रॅमच्या प्रयोगात साहेब खोलीबाहेर जाऊन फोनवरून सांगू लागले, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे २० टक्क्यांच्या आसपास उरले. ठगांचा डाव याच्या उलट चालतो. कॅमेरा चालू ठेवून, वर्दी दाखवून ते साहेबाला घरात आणून बसवतात आणि ‘कुणाला सांगू नका’ म्हणत सोबत तोडतात. शिक्षण इथं फारसं कामी येत नाही. उलट आयुष्यभर नियम पाळलेला माणूस लवकर ऐकतो.

डिजिटल अरेस्ट कायद्यात नाहीच. फोन बंद करायचा आणि घरातल्या किंवा शेजारच्या कुणाला तरी लगेच सांगायचं. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करा, बँकेलाही कळवा. आणि सासऱ्यांना ‘एवढं शिकून कसे फसलात’ असं घरात कुणी विचारू नये. पुन्हा असा फोन आला तर ते सांगणारच नाहीत.