बिल्ला जपला जावा म्हणून

प्रश्न : राष्ट्रीय दिनाच्या सोहळ्यात आमच्या वस्तीत दरवर्षी बिल्ले वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी त्यांतले बरेचसे रस्त्यावर पडलेले दिसतात. यंदा एका चित्रकर्तीकडून बिल्ल्यांची मालिका करून घ्यावी, असा समितीचा विचार आहे. लोक ते जपतील आणि त्यांना वस्तीचा अभिमान वाटेल, यासाठी काय करावे? – एक वाचक

उत्तर : विचार उत्तम आहे, मात्र ‘ध्वज असलेले काहीतरी सुंदर करा’ एवढेच सांगून काम सोपवलेत, तर नवे बिल्लेही जुन्यांच्याच वाटेने जातील. ध्वज साऱ्या देशाचा असतो, तो पाहून आपली वस्ती आठवत नाही. शिवाय राष्ट्रचिन्हांच्या वापरावर बहुतेक देशांत कायद्याची बंधने असतात.

कॅनडाच्या महासंघाला १९६७ साली शंभर वर्षे झाली, तेव्हाच्या नाण्यांसाठी चित्रकार ॲलेक्स कोलविल यांनी त्या भूमीतले साधे जीव निवडले : एका सेंटावर कबुतर, पाचावर ससा, दहावर मॅकरेल मासा, पंचवीसवर रानमांजर, पन्नासवर लांडगा आणि डॉलरवर उडता कॅनडा हंस (कॅनडा गूज). सोहळ्याची खूण म्हणून ‘१८६७–१९६७’ ही जोडवर्षे तेवढी होती. ही नाणी रोजच्या व्यवहारातली होती, सुट्या पैशांबरोबर कोणाच्याही हाती येत होती, हे मला फार मोलाचे वाटते. अमेरिकेने स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या नाण्यांसाठी खुली स्पर्धा घेतली आणि चंद्रासमोर स्वातंत्र्याची घंटा दाखवणारे डॉलरवरचे चित्र डेनिस विल्यम्स या कलाविद्यार्थ्याचे निवडले गेले. तरीही लहान वस्तीने स्पर्धेच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे, कारण त्यात एकाची निवड होते आणि इतरांचे श्रम फुकट जातात. त्यापेक्षा चित्रकर्तीला योग्य मानधन द्यावे आणि तिला चार संध्याकाळी वस्तीतल्या थोरामोठ्यांबरोबर बसू द्यावे. कोणता पार, कोणता जिना, कोणता पक्षी सगळ्यांना ‘आपला’ वाटतो, हे तिला त्या गप्पांतूनच कळेल.

चित्र पहिल्यापासून बिल्ल्याच्या खऱ्या आकारातच काढून घ्यावे. मीनाकारीच्या बिल्ल्यात प्रत्येक रंगाभोवती धातूची उभी रेष असते आणि तिच्या आतल्या खळग्यात रंग भरला जातो. त्यामुळे भित्तिपत्रकाचे चित्र लहान केले, तर बारीक रेषा एकमेकींत मिसळतात आणि एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा साधतच नाही. कठीण मीन्याचा पृष्ठभाग घासून सपाट केलेला असतो, त्यावरून अंगठा सरळ फिरतो. मऊ मीन्यात रंग खाली बसतो आणि रेषेचा काठ नखाला लागतो. दोन्हींचे नमुने हातात घेऊनच ठरवावे.

वाटपाबाबत एक आग्रह आहे. ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून मोजक्यांनाच बिल्ले दिलेत, तर अभिमानाऐवजी रुसवेफुगवे वाढतील. पाच-सहा चित्रांची मालिका करून प्रत्येक घराला बंद पाकिटातून कोणतेही एक चित्र द्यावे. संच पुरा करायचा असेल, तर मुलांना आणि मोठ्यांनाही शेजारचे दार ठोठवावे लागेल, कधी न बोललेल्या घराशीही अदलाबदल करावी लागेल. प्रत्येक बिल्ल्याच्या पाठीवर चित्रकर्तीचे नाव आणि वर्ष उमटवून घ्यावे, आणि चित्रांचे हक्क कोणाकडे राहतील व पुन्हा बिल्ले काढताना तिला काय मिळेल, हे साचा बनवायला टाकण्यापूर्वीच लेखी ठरवावे.