वाचक विचारतात : जखम भरतच नाही

प्रश्न : बाबांचं वय ६२, शुगर अकरा वर्षांपासून. उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या बुडाशी, चार महिने झाले जखम आहे. दुखत नाही म्हणून ते वावरात जातातच. रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतो, वरून लाल औषध आणि घरचा कापूस लावून पट्टी बांधतो. जखम होती तेवढीच आहे. काय लावावं?
– एक वाचक, आर्णी (जि. यवतमाळ)

उत्तर : काय लावावं ते सांगतो, पण त्याआधी बाबांचं वावरात जाणं थांबवा. शुगरमुळे तळपायाच्या नसा बधिर झाल्यात, म्हणून दुखत नाही. चालताना अंगठ्याच्या बुडाशी सगळा भार पडतो. रात्रभरात जी कोवळी कातडी धरते, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चिरडून जाते. हा भार निघाला नाही तर हजार रुपयांचं मलमही वाया जाईल. संडासापर्यंत जायलाही वॉकर किंवा कुबड्या वापरा आणि तो पाय टेकवू नका. भार वाटून घेणारं खास प्लास्टर किंवा बूट मिळतो का, हे यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा सेवाग्रामच्या (जि. वर्धा) रुग्णालयात विचारा. ते घालण्याआधी पायातली नाडी तपासलेली असावी. एमसीआर (बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या) तळाची चप्पल जखम भरल्यावर कामाची, पुन्हा होऊ नये म्हणून. आजची जखम ती एकटी भरणार नाही.

चार महिने उलटलेत म्हणून पायाचा एक्स-रे काढाच. आतल्या हाडाला जंतू लागला असेल तर वरून कितीही पट्ट्या बांधल्या तरी तोंड मिटत नाही, किंवा मिटून पुन्हा फुटतं.

आता पट्टीचं. पेरॉक्साइडचा फेस जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतो, तो बंद करा. घरचा कापूस कितीही पांढरा असला तरी जखमेवर नको. त्याचे तंतू आत अडकतात, शरीर त्यांच्याशीच भांडत बसतं आणि पट्टी काढताना कोवळा थरही उपटून येतो. मेडिकलमधून निर्जंतुक गॉज आणा.

मिठाचं पाणी घरी होतं. अर्धा लिटर पाणी झाकण ठेवून दहा मिनिटं उकळा, त्यात ५ मिलीच्या चमच्याने पाऊण चमचा, सपाट, साधं मीठ विरघळवा आणि झाकूनच थंड करा. जास्त मिठाने जंतू मरतील म्हणून हात सैल सोडू नका, त्याने जखम फक्त चरचरते. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी टाकून द्या.

हात साबणाने धुवा. जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढू नका, याच पाण्याने पाच-दहा मिनिटं भिजवा, आपोआप सुटते. मग जखमेवर पाण्याची धार सोडा, घासू नका. आजूबाजूची कातडी टिपून कोरडी करा, बोटांच्या बेचक्याही. वर व्हॅसलीन लावलेली तयार जाळी, त्यावर गॉजच्या घड्या, मग सैलसर पट्टी. रोज एकदा बदला, ओल बाहेर आली तर लगेच.

‘जखमेला हवा लागू द्या, खपली धरू द्या’ हा सल्ला अजून पारावर चालतो. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या कातडीवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने कातडी धरते. ओलसर म्हणजे चिपचिपीत नव्हे. कडेची कातडी पांढरी, भिजलेल्या बोटासारखी दिसू लागली तर ओल जास्त झाली.

दर रविवारी जखमेशेजारी दहा रुपयांचं नाणं धरून मोबाइलवर फोटो काढा (नाणं २७ मिमीचं असतं). चार आठवड्यांत आकार निम्म्यावर आला नाही तर डॉक्टरांना उपचार बदलायला सांगा. ताप, लाली वर चढणं, बोट काळं पडणं, घाण वास, हाड दिसणं, शुगर अचानक वाढणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : आईच्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, दोन वर्षांपासून जखम आहे. पाय सुजतो, पाणी झिरपतं, शिरा फुगल्यात. दिवसभर भज्यांच्या दुकानात उभी असते.
– एक वाचक, मूर्तिजापूर (जि. अकोला)

उत्तर : ही बहुधा शिरांची जखम. रक्त वर न चढता घोट्याशी साचतं, त्यामुळे कातडीला पोषण मिळत नाही. इथे खरं औषध पट्टीचा दाब. पण आधी पायातली नाडी डॉक्टरांकडून तपासून घ्या. पाय थंड असेल, रात्री दुखून खाली लोंबकळवल्यावर बरं वाटत असेल, तर दाब देऊ नका, बोटं जातील.

नाडी चांगली असेल तर सकाळी खाटेवरून उतरण्याआधीच, सूज नसताना, १० सेंमी रुंद क्रेप (ताणली जाणारी पट्टी) बोटांच्या बुडापासून गुडघ्याच्या खालपर्यंत बांधा. टाच उघडी ठेवू नका. प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर यावा. घोट्याशी ताण जास्त, वर कमी. उलटं केलं तर पाऊल फुगतं. क्रेप काही तासांत ढिली पडते, दुपारी पुन्हा बांधा. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडा. खाटेच्या पायथ्याच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा ठेवा. दुकानात स्टूल ठेवून पाय वर घ्यायलाच हवा. दोन वर्षांच्या जखमेची कड फुलकोबीसारखी उंचावत असेल तर तुकडा तपासायला द्या, कधी कधी तिथे कॅन्सर होतो.

प्रश्न : आजोबा लकव्याने पडून आहेत. माकडहाडावर कातडी लाल झाली आहे. रिंगची उशी द्यावी का?
– एक वाचक, कुरखेडा (जि. गडचिरोली)

उत्तर : रिंग नको. कडेने दाब पडून मधलं रक्त अडतं. लाल जागा चोळूही नका. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीही. गुडघ्यांमध्ये उशी ठेवा आणि पोटऱ्यांखाली गोधडीची घडी सरकवून टाचा अधांतरी ठेवा. वर ओढून नेऊ नका, चादरीसकट दोघांनी उचला. लघवीने भिजलं की लगेच पुसून कोरडं करा.

प्रश्न : जखम आहे म्हणून घरात वांगं, डाळ, अंडी बंद केलीत. बरोबर?
– एक वाचक, सेलू (जि. वर्धा)

उत्तर : वांग्याचं जाऊ द्या, पण डाळ आणि अंडी बंद करणं महागात पडेल. नवी कातडी प्रथिनांतूनच तयार होते. पन्नास किलोच्या माणसाला जखम असताना दिवसाला सुमारे ६० ते ७५ ग्रॅम लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात. दोन वेळा घट्ट वरण, दूध, दही, शेंगदाण्याची चटणी हवीच. किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : जखमेत अळ्या झाल्या. रॉकेल किंवा फवारणीचं औषध टाकतात, ते चालेल का?
– एक वाचक, वरोरा (जि. चंद्रपूर)

उत्तर : फवारणीचं औषध चुकूनही नको. उघड्या जखमेतून ते थेट रक्तात जातं आणि माणूस दगावू शकतो. रॉकेल मांस जाळतं. मिठाच्या पाण्याने धुऊन, ओल्या गॉजने झाकून ग्रामीण रुग्णालयात न्या. अळ्या चिमट्याने काढाव्या लागतात, बरेचदा दोन-तीन दिवस रोज, कारण त्या आत खोल शिरतात. धनुर्वाताची सुई झाली आहे का ते तिथेच विचारा. पुढे पट्टी कायम झाकलेली ठेवा. पट्टी सुटून माशी बसली की अंडी घालायला तिला क्षणभर पुरतो.