दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझला निघालात? मग एवढं लक्षात ठेवा

फ्रेंचची बी-वन (मधल्या पातळीची) परीक्षा पास झालात, छान! व्याकरण पुरेसं आहे, आता गंमत सुरू.

पहिली गोष्ट बेकरीतली. 'पँ ओ शोकोला' मागू नका. तुलूझ-बोर्दोकडे त्याच चॉकलेट भरलेल्या पदार्थाला 'शोकोलातीन' म्हणतात. हा वाद २०१८ मध्ये थेट संसदेत गेला होता (दुरुस्ती फेटाळली, भांडण चालूच). पॅरिसचा शब्द निसटलाच तर काउंटरवरची बाई भुवई उंचावेल, पण देईल तोच पदार्थ.

दुकानात 'पोश' (पुस्तकात शिकलेला अर्थ खिसा) हवी का, असं विचारलं तर खिसा चाचपू नका. तिकडे ती पिशवी. मी चाचपला होता!

आणखी दोन:
- मों-सँ-मिशेल (मठाचं प्रसिद्ध बेट) नॉर्मंडीत आहे. शेजारच्या ब्रेतान्य प्रांतातल्या माणसाला ते आपलंच वाटतं, त्याला हे आपणहून ऐकवू नका.
- नव्वदला 'नोनांत' म्हणतात ते बेल्जियम-स्वित्झर्लंडमध्ये. फ्रान्ससाठी 'चार-वीस-दहा'च (चार विसा नि दहा) घोका.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे पंधरा दिवसांत दक्षिणी हेल काढायला लागणं. लोकांना वाटतं, हा आपली नक्कल करतोय. पॅरिसवाल्यांवरच्या विनोदांना मात्र खुशाल हसा.

भेटल्यावर गालाला गाल किती वेळा लावायचा, ते तिथे पोचल्यावर विचारा, गावागणिक बदलतं.