बर्फाळ धारेवर पाऊल कुठे ठेवावे?

प्रश्न : आम्ही दर रविवारी सिंहगड चढतो. जानेवारीत उत्तराखंडातील केदारकंठाला जायचे आहे. बर्फाच्या धारेवर कोणती काळजी घ्यावी? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : सह्याद्रीतील धारेची कड डोळ्यांना स्पष्ट दिसते, हिवाळ्यातील हिमालयाची धार मात्र फसवी असते, कारण वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ आडोशाच्या बाजूला साचून कड्याबाहेर छज्जासारखा वाढतो आणि वरून पाहणाऱ्याला तो भक्कम जमीनच वाटतो. गिर्यारोहक त्याला ‘कॉर्निस’ म्हणतात. तो तुटताना भेग अनेकदा अपेक्षेपेक्षा बरीच आत पडते. म्हणून अगदी माथ्यावरून न जाता, वारा येतो त्या बाजूने, कडेपासून पुरेसे खाली राहून चालावे आणि छायाचित्रासाठी कडेवर जाण्याचा मोह कृपा करून टाळावा. हिमस्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. ताज्या हिमवृष्टीनंतर असे उतार ओलांडू नयेत. कडक बर्फावर क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली बांधायचे टोकदार धातूचे दाते, हवेत. आइस अ‍ॅक्सने (बर्फात रोवायच्या कुदळीसारख्या अवजाराने) घसरण रोखण्याचा सराव प्रशिक्षकाकडून आधीच करून घ्यावा. सिंहगडावर दम वाढतो, हे कौशल्य तेथे मिळत नाही. मार्गदर्शकाने परत फिरायला सांगितले, तर शिखर समोर दिसत असले तरी फिरावे.