लातुरात राहून रोड बाइक घेतोय. गिअर इलेक्ट्रॉनिक घ्यावेत की केबलचे?

केबलचेच घ्या, आणि वाचलेले पैसे चांगल्या टायरांवर घाला.

इलेक्ट्रॉनिकमध्ये बटण दाबलं की छोटी मोटर डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, हलवते. ताणायला केबलच नाही, म्हणून सेटिंग सहसा बिघडत नाही. दौलताबादच्या घाटात पायावर जोर असतानाही पेडलजवळच्या चकत्यांचा गिअर अलगद बदलतो, हे सुख मोठंच आहे. शिमानो या जपानी कंपनीने डीआय२ ही इलेक्ट्रॉनिक गिअर प्रणाली २००९ साली आणली, २०२२ मध्ये ती त्यांच्या १०५ या मधल्या श्रेणीच्या गिअरसंचापर्यंत आली. एका चार्जवर साधारण हजार किलोमीटर होतात, त्यामुळे बॅटरीचा फार धसका घेऊ नका.

खरी अडचण दुरुस्तीची. अंबाजोगाईच्या रस्त्यावर सायकल आडवी होऊन डिरेलरची मोटर गेली, तर सुटा भाग बहुधा पुण्या-मुंबईहून मागवावा लागेल. गिअरची तार, म्हणजेच केबल, मात्र सीटखालच्या पिशवीत मावते, ॲलन कीने रस्त्याकडेलाही बदलता येते. ही तार बहुतेक वेळा शिफ्टरच्या, म्हणजे गिअर बदलायच्या लिव्हरच्या आत, टोकाच्या मण्यापाशी उसवते. गिअर अडखळायला लागले की लिव्हरवरचं रबर मागे सारा आणि एखादा बारीक धागा सुटलाय का बघा. तुटायच्या आधीच बदला.

बोटांचे सांधे दुखत असतील, तर मात्र मी इलेक्ट्रॉनिकच सांगेन.