वाचकांचे प्रश्न : एक दीर्घिका, दोन कृष्णविवरे

प्रश्न : कुंभ राशीतल्या एनजीसी 7727 या दीर्घिकेत महाकाय कृष्णविवरांची जोडी आहे म्हणे. आमच्याकडे आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. ती जोडी दिसेल का? (सातारा)

उत्तर : दीर्घिका दिसेल, जोडी नाही. दीर्घिका साधारण 11व्या प्रतीची आहे (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद). साताऱ्यातून ती दक्षिणेला सुमारे 60 अंशांपर्यंत चढते. नोव्हेंबरच्या मध्यावर हे रात्री साडेआठ-नऊला घडते. महामार्गालगतच्या उजेडात मात्र ती हरवेल, तेव्हा माण-खटावच्या माळावर जा. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधीच उघड्यावर ठेवा. आरसा गरम राहिला की नळीतली हवा हलते आणि प्रतिमा उकळते. 25 मिमीच्या आयपीसने शोधा, मग 10 मिमी लावा आणि नजर किंचित बाजूला ठेवून पाहा. धुरकट, मध्ये दाट झालेला डाग दिसेल. छापील फोटोतल्या रंगांची अपेक्षा नको.

दोन्ही कृष्णविवरे दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या दोन दाट गाभ्यांत बसली आहेत. या गाभ्यांमध्ये 1,600 प्रकाशवर्षे आहेत, पण दीर्घिकाच 8.9 कोटी प्रकाशवर्षे दूर असल्याने आपल्याला ते अंतर जेमतेम 4 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3,600वा भाग) दिसते. एवढ्या अंतरावरचे जोडतारे तुमची दुर्बीण सहज वेगवेगळे दाखवेल. इथे अडचण वेगळी आहे : दुसरा गाभा मंद आहे आणि पहिल्याच्या उजेडात बुडतो. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने गाभ्यांजवळच्या ताऱ्यांचे वेग मोजले, त्यावरून 2021 मध्ये कृष्णविवरांची वस्तुमाने कळली : एक 15.4 कोटी सूर्यांचे, दुसरे 63 लाख.

प्रश्न : वर्णपटात ऑक्सिजनची रेषा दुहेरी दिसली, तर दोन कृष्णविवरे आहेत असे धरावे का? (मिरज)

उत्तर : धरू नये. दोन कृष्णविवरे वेगवेगळ्या वेगांनी फिरत असली, तर प्रत्येकाजवळच्या वायूची रेषा वर्णपटात थोडी वेगळ्या जागी पडते, म्हणून असे वाटते खरे. फिरणारी वायूची एकच तबकडी, किंवा गाभ्यातून दोन्ही बाजूंना उसळणारा वायू, हुबेहूब तशीच रेषा देतो. दुहेरी रेषा म्हणजे फक्त संशयित. पुढची तपासणी क्ष-किरणांत किंवा रेडिओत करावी लागते, कारण टक्कर झालेल्या दीर्घिकांचे गाभे धुळीत झाकलेले असतात. एनजीसी 6240 या दीर्घिकेतले सुमारे 3,000 प्रकाशवर्षे अंतराचे दोन गाभे 2002 मध्ये चंद्रा या क्ष-किरण टिपणाऱ्या उपग्रहाने असेच पकडले. 0402+379 या दीर्घिकेतली जोडी तर केवळ 24 प्रकाशवर्षांची. ती एकमेकींपासून दूरदूरच्या रेडिओ तबकड्या एकत्र जोडल्यावर 2006 मध्ये उलगडली.

तेजाच्या चढउतारावरूनही जोड्या सुचवल्या जातात. तिथे आम्ही अधिकच सावध राहू. गाभ्याचे तेज एरवीही मनमानी लुकलुकते आणि दोन-तीन आवर्तने योगायोगानेही जुळतात. कर्क राशीतल्या ओजे 287 या दूरच्या तेजस्वी गाभ्याचे सुमारे 12 वर्षांचे चक्र गंभीरपणे घेतले जाते, ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या फोटोंच्या काचा हाताशी आहेत म्हणून.

प्रश्न : हिंगोलीची लायगो अशा जोड्यांची टक्कर ऐकेल का? (तासगाव)

उत्तर : नाही. लायगो हे गुरुत्वीय लहरी (अशा टकरींमुळे अवकाशात उठणारे तरंग) टिपणारे यंत्र आहे आणि त्याला सेकंदाला निदान दहा कंपने लागतात. एकूण दहा कोटी सूर्यांची जोडी मिसळण्याच्या बेतात असतानाही लहरीचे एक आवर्तन सुमारे सहा तासांचे असते, त्याआधी कित्येक वर्षांचे. एवढ्या संथ लहरींसाठी पल्सारच्या (नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्याच्या) ठोक्यांचे घड्याळ लागते : ठोके किती लवकर-उशिरा येतात हे वर्षानुवर्षे मोजायचे आणि आकाशातल्या पल्सारांमधल्या कोनानुसार हा आगेमागेपणा जुळतो का ते पाहायचे. जून 2023 मध्ये अशा लहरींच्या एकत्रित गुणगुणीचा पुरावा जाहीर झाला. त्यात नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणेही होती. ही गुणगुण असंख्य जोड्यांची मिळून असावी असा कयास आहे. त्या निकालांत एकाही जोडीकडे बोट दाखवता आले नव्हते.