वाढदिवस की बारसं?

प्रश्न : माझा जावई आणि नातू दोघंही मेलबर्न फुटबॉल क्लबचे कट्टर पाठीराखे. मी जुलैत त्यांच्याकडे जातेय. नातू म्हणतो, १० जुलैला क्लबचा वाढदिवस असतो, आजी, तेव्हा हवीसच तू. जावई म्हणतात, खरी तारीख मे महिन्यातली. कोण बरोबर? आणि दोघांसाठी काय आणू? त्या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. – एक आजी, सांगली

उत्तर : आजी, मी नातवाच्या बाजूची.

१० जुलै १८५८ ला मेलबर्नच्या 'बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया' या वृत्तपत्रात टॉम विल्स या बावीस वर्षांच्या क्रिकेटपटूचं पत्र छापून आलं. हिवाळाभर क्रिकेटवाले नुसते बसून सुस्तावतात, तर एक फुटबॉल क्लब काढा. तेही जमत नसेल तर निदान बंदुकीच्या नेमबाजीचा तरी काढा, असा त्याचा मुद्दा. (आपल्याकडे झाशीची राणी पडून तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता.) क्लब या पत्राचंच साल धरतो, १८५८. जावयांचा मे म्हणजे १७ मे १८५९. त्या दिवशी विल्स, हॅमर्स्ली, थॉम्पसन आणि स्मिथ यांनी एका हॉटेलात बसून दहा नियम लिहून काढले. पळत्याला पायात पाय घालून पाडायची मुभा, नडगीवर लाथ मारायला मात्र मनाई! पण हे बारसं झालं. वाढदिवस कोणी बारशाच्या तारखेला करतं का? जावयांना हे हळूच सांगा.

हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे, ऑस्ट्रेलियन फुटबॉल. फुटबॉल म्हणतात आणि चेंडू हातात कसा, हे तुम्ही विचारणारच. त्याचंही मूळ त्याच दहा नियमांत. लाथेनं आलेला चेंडू थेट झेलला की 'मार्क', मग निवांत किक मारायची. आजही माणसं दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा रोवून तो झेल घेतात. बाकी काही कळलं नाही तरी गोल-पंचाकडे बघा. खांब चार असतात. मधल्या दोघांतून चेंडू गेला की पंच दोन झेंडे हलवतो, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला की एकच झेंडा, एक गुण.

आता भेटवस्तू. मफलर विणा. क्लबचे रंग लाल आणि गडद निळा, त्याच रंगांची लोकर घ्या, दुकानदार 'हे काळंच दिसतंय, चालेल' म्हणाला तरी काळी घेऊ नका. लाल-काळा म्हणजे एसेंडन हा दुसराच क्लब. माझी स्वतःची फजिती सांगते. इथे मेलबर्नला आले त्या पहिल्याच जूनमध्ये मेलबर्न विरुद्ध कॉलिंगवूड सामन्याला आईनं दिलेली काळी-पांढरी शाल पांघरून मेलबर्नवाल्यांच्या घोळक्यात बसले. काळा-पांढरा हा कॉलिंगवूडचा रंग! शेजारच्या बाईंनी काही न बोलता आपला जादा मफलर माझ्या मांडीवर ठेवला. शाल पिशवीत गेली ती गेलीच.

या क्लबची माणसं सोशिक असतात, कारण तशी वेळच आली. १९६४ मध्ये कॉलिंगवूडला चार गुणांनी हरवून अजिंक्यपद घेतलं, पुढच्याच वर्षी नॉर्म स्मिथ या प्रशिक्षकाला काढलं, थोड्याच दिवसांत परत घेतलं, पण शाप लागला म्हणतात. दीडशेव्या वर्षी, २००८ मध्ये, संघ चक्क तळाला! २०२१ मध्ये सत्तावन्न वर्षांनी अजिंक्यपद आलं, तेही दूर पर्थ शहरात, आणि इकडे मेलबर्न कोरोनाच्या टाळेबंदीत. आमच्या शेजारचे आजोबा अंगणात एकटेच लाल-निळी टोपी घालून उभे होते. कुंपणावरून मी रव्याचा लाडू दिला, तो हातातच राहिला त्यांच्या.

१० जुलैला सामना असेलच असं नाही. नसला तर नातवाला घेऊन एमसीजी (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) स्टेडियमबाहेर विल्सच्या पुतळ्यापाशी जा. ७ ऑगस्ट १८५८ ला स्टेडियमबाहेरच्याच मोकळ्या मैदानात दोन शाळांचा सामना झाला, त्यात तो पंच होता, तोच प्रसंग घडवलाय. आणि सामन्याला गेलात तर गरम 'पाय' (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) घेण्याआधी आत काय आहे ते विचारा, बहुधा गोमांस असतं. चालत नसेल तर बटाट्याचे चिप्स घ्या. आणि तिथे जुलै म्हणजे हिवाळा, पायमोजे दोन जोड घाला.